कादंबरीतील पात्राचा चेहरा : वाचकाची प्रतिमा आणि पडद्यावरचे रूप

१

एखाद्या मान्यवर कादंबरीवर बेतलेला चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या वाचकाची एक तक्रार ठरलेली असते : ‘मी वाचली तेव्हा ती अशी नव्हती.’ ही तक्रार गाळलेल्या प्रसंगांविषयी किंवा बदललेल्या शेवटाविषयी नसते. ती चेहऱ्याविषयी असते. समीक्षेत माध्यमांतराची चर्चा बहुधा कथानकाची रचना, काळाची हाताळणी, निवेदनाची पद्धती अशा अंगांनी होते. चेहऱ्याविषयीची तक्रार मात्र सामान्य वाचकाची हळवी कुरकुर म्हणून बाजूला ठेवली जाते. या कुरकुरीत वाङ्मयाच्या स्वरूपाविषयीचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

तक्रार करणाऱ्या वाचकाला आपण उलट विचारून पाहावे : ‘मग ती कशी होती?’ बहुतेक वेळा उत्तर अडखळते. नाक कसे होते, कपाळ रुंद होते की अरुंद, हनुवटी निमुळती होती की नव्हती, यांपैकी काहीही त्याला सांगता येत नाही. फार तर ‘जरा शांत’, ‘इतकी देखणी नव्हे’, ‘अधिक सोसलेली’ अशी विशेषणे येतात. आणि ती चेहऱ्याची नसून स्वभावाची असतात. म्हणजे पडद्यावरचा चेहरा चूक आहे हे वाचक छातीठोकपणे सांगू शकतो, पण बरोबर चेहरा कोणता ते त्याला ठाऊक नाही. केवळ नकाराच्याच रूपात असणारे हे ज्ञान कोणत्या प्रकारचे आहे? वाचताना आपल्या मनात जर चित्र नव्हतेच, तर चित्रपटाने मोडले ते काय?

२

पाश्चात्त्य साहित्यविचारात या प्रश्नाला काही उत्तरे मिळतात. रोमान इन्गार्डेन यांनी १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात साहित्यकृतीतील अनिश्चिततेच्या स्थानांची कल्पना मांडली. खऱ्या वस्तूला सर्व बाजू असतात. शब्दांत निर्माण झालेल्या वस्तूला मात्र लेखकाने सांगितल्या तेवढ्याच बाजू असतात आणि उरलेल्या जागा रिकाम्या राहतात. खऱ्या माणसाच्या डोळ्यांना कोणता तरी रंग असतोच. कादंबरीतल्या माणसाच्या डोळ्यांना तो सांगितला नसेल तर नसतो. वोल्फगांग इझर यांनी पुढे वाचनप्रक्रियेच्या विवेचनात फील्डिंगच्या ‘टॉम जोन्स’चे उदाहरण घेतले. कादंबरीवरचा १९६३ मधला चित्रपट पाहिला की मनातला टॉम एकाएकी आकसल्यासारखा वाटतो, कारण वाचकाच्या मनात नायकाचे तयार चित्र नसते, अनेक शक्यता एकाच वेळी जागत्या असतात. चित्रपट त्यांतली एकच शक्यता उरवतो आणि बाकीच्या विझवतो. आपली निराशा चुकीच्या चेहऱ्यामुळे होत नाही. तिचे कारण चेहरा असणे हेच असते.

लेखकांना हे समीक्षकांच्या कितीतरी आधी उमगले होते. फ्लोबेर आपल्या कादंबऱ्यांना चित्रे घालू देण्यास तयार नव्हता. रेखाटलेली स्त्री एकाच स्त्रीसारखी दिसते, तर लिहिलेली स्त्री अनेक स्त्रियांची आठवण जागवते, अशा आशयाचे त्याचे म्हणणे १८६२ मधील एका पत्रात आढळते. ‘मेटॅमॉर्फोसिस’च्या मुखपृष्ठावर तो कीटक काढू नये, दुरूनही दाखवू नये, असे काफ्काने १९१५ साली प्रकाशकाला कळवले होते. लेसिंगने १७६६ साली ‘लाओकोऑन’मध्ये होमरच्या हेलनचे उदाहरण देऊन हेच तत्त्व मांडले. जिच्यासाठी दहा वर्षे युद्ध चालले तिचे अवयववर्णन होमर करत नाही. तटावर बसलेल्या ट्रॉयच्या वृद्धांना ती दिसताच काय वाटले, एवढेच सांगतो. सौंदर्य सांगायचे नसते, त्याचा परिणाम सांगायचा असतो.

आपल्याकडील अलंकारपरंपरा या मताच्या विरुद्ध आहे, असे वरवर वाटेल. तेथे नखशिखान्त वर्णने आहेत, कमलनेत्र आहेत, सिंहकटी आहे. पण एखाद्या चित्रकाराने ही वर्णने शब्दशः रेखाटायची ठरवली तर जे निघेल ते स्त्रीचे चित्र असणार नाही. ही वर्णने डोळ्यांसाठी नाहीतच. त्यांतली कमळे आणि हरिणी सौंदर्याच्या भावाकडे बोट दाखवणारे संकेत आहेत. ‘मुक्तामाला’ (१८६१) किंवा ‘मोचनगड’ (१८७१) या आपल्या आरंभीच्या कादंबऱ्यांना या संकेतव्यूहाचा वारसा होता. हरिभाऊ आपट्यांपासून मराठी कादंबरी तो मागे टाकू लागली आणि त्याच्या जागी दृश्य चेहरा ठेवण्याऐवजी तिने ती जागा पुष्कळदा मोकळीच ठेवली. मर्ढेकरांनी वाङ्मयाचे माध्यम शब्दांचा नाद नसून त्यांचा अर्थ आहे, असे आग्रहाने प्रतिपादले होते. त्यांच्या सिद्धान्ताचे इतर भाग वादग्रस्त असोत, येथे त्याचा उपयोग आहे : कादंबरीतील पात्र अर्थाने घडलेले असते, आणि अर्थाला नाक-डोळे नसतात.

‘श्यामची आई’ पाहावी. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. पायाला माती लागू नये असा हट्ट धरणाऱ्या मुलासाठी ओला पदर पसरणारी, आणि मनालाही तितकेच जपायला सांगणारी ही आई महाराष्ट्रातील घरोघरच्या वाचकांना ठाऊक आहे. पण ती ठाऊक आहे ती क्रियापदांनी. ती पदर पसरते, रागावते, पोहायला धाडते, कर्जापायी झिजते, मरते. वाचकाच्या मनात जी आई उभी राहते तिचा चेहरा या क्रियांच्या मागे असतो, आणि प्रत्येकाचा तो थोडाफार आपापल्या घरातून आलेला असतो. आचार्य अत्र्यांच्या १९५३ मधील चित्रपटात वनमाला यांनी ही भूमिका केली आणि त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. तेव्हापासून या पुस्तकाच्या वाचकांचे दोन वर्ग पडले : चित्रपट पाहण्यापूर्वी ज्यांनी आई वाचली ते, आणि ज्यांनी आधी वनमाला पाहिल्या ते. दुसऱ्या वर्गाची कसलीच तक्रार नसते. तक्रार नसणे हे लाभाचे लक्षण आहे की हानीचे, हाच प्रश्न आहे.

३

सर्वच पात्रांच्या बाबतीत ही रिकामी जागा सारख्या स्वरूपाची नसते. ती कोणाच्या नजरेमुळे निर्माण झाली आहे, यावर पुष्कळ अवलंबून असते. आणि येथे प्रथमपुरुषी निवेदनाचा विचार अपरिहार्य ठरतो.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) धनगरवाडीतील शाळेवर आलेला तरुण मास्तर आपल्याला सारी वाडी दाखवतो. कारभारी, आयबू, आनंदा रामोशी, अंजी, मेंढरे, तालीम आणि शेवटी दुष्काळाने ओसाड पडलेली घरे, हे सर्व आपण त्याच्या डोळ्यांनी पाहतो. माडगूळकर स्वतः चित्रकार होते आणि त्यांची नजर रेखाटनकाराची आहे. मोजक्या रेषांत माणूस उभा करण्याची त्यांची हातोटी सर्वमान्य आहे. पण या सगळ्या चित्रांत न येणारा एक माणूस आहे, तो म्हणजे पाहणारा मास्तर. तो चित्राच्या बाहेर आहे म्हणूनच वाचकाला त्याच्या जागी उभे राहता येते. अमोल पालेकरांच्या १९९५ मधील चित्रपटात मास्तरला चौकटीत यावे लागले. नटाच्या गुणदोषांचा येथे संबंध नाही. पाहणारा दिसू लागला की आपण त्याच्या जागेवरून हलतो आणि त्याच्याकडे पाहू लागतो. वाडीत नव्याने आलेला माणूस आता आपण नसतो, तो असतो. हा बदल मूळ कादंबरीच्या गाभ्याशी येऊन भिडतो.

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’ (२००४) या कादंबरीत हीच गोष्ट उलट्या बाजूने घडते. आणीबाणीच्या वर्षातील नववीतला जोशी शिरोडकरकडे पाहतो. शिरोडकर कशी दिसते हे आपल्याला कळते ते पंधराव्या वर्षीच्या नजरेतून. तिच्या दिसण्याला त्या नजरेबाहेर अस्तित्व नाही. सुजय डहाके यांच्या २०१२ साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटात ती सर्वांना दिसते. केतकी माटेगावकरने ती भूमिका समजून केली आहे, परंतु कॅमेऱ्यासमोर आलेली मुलगी एकट्या जोशीची राहू शकत नाही. कादंबरीत जे गुपित होते ते पडद्यावर सार्वजनिक होते. बाकावरच्या मित्रांना आपल्या मनातले नाव कळले म्हणजे जी चोरटी लाज वाटते, तीच येथे वाचकाला वाटते. अशा वेळी ‘शिरोडकर अशी नव्हती’ या तक्रारीचा खरा अर्थ ‘शिरोडकर सर्वांची नव्हती’ असा असतो.

मग प्रथमपुरुषी निवेदकाला चेहरा मिळणे नेहमीच घातक ठरते काय? येथे चिं. वि. जोशींचा चिमणराव आडवा येतो. ‘चिमणरावाचे चऱ्हाट’ चिमणरावच सांगतो; तरीही मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ म्हणून आले तेव्हा वाचकांनी त्यांना सहज स्वीकारले. आज पुस्तक उघडले तरी त्यातला चिमणराव प्रभावळकरांच्याच आवाजात बोलतो आणि त्याचे कोणाला वाईट वाटत नाही. याचे कारण निवेदकाच्या जातकुळीत आहे. बनगरवाडीचा मास्तर इतरांकडे पाहतो. चिमणराव सतत स्वतःकडे, म्हणजे इतरांना आपण कसे दिसतो याकडे पाहत असतो. आपली फजिती आपणच चव्हाट्यावर मांडणे हा त्याचा व्यवसाय आहे. तो लिहितानाच रंगमंचावर उभा असतो. नटाने फक्त दिवे लावले. विनोदी पात्राला चेहरा मिळाल्याने त्याचे नुकसान होत नाही, कारण दिसणे हाच त्याच्या अस्तित्वाचा अर्धा भाग असतो.

आणखी काही कादंबऱ्यांत पात्राचे शरीर हाच आशय असतो. ‘पण लक्षांत कोण घेतो?’मधील यमूचा चेहरा आपल्याला नीटसा ठाऊक नाही, पण तिच्यावर लादलेले केशवपन विसरता येत नाही. तेथे रिकाम्या चेहऱ्यावर समाजाने केलेली एक खूण तेवढी स्पष्ट आहे, आणि तीच कादंबरीचा दाहक बिंदू आहे. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मध्ये पिळदार शरीराच्या गुणाला तमाशाच्या फडासाठी नाच्या व्हावे लागते, त्याचे अंग, चाल, आवाज हाच संघर्षाचा प्रदेश होतो. रवी जाधव यांच्या २०१० मधील चित्रपटात अतुल कुलकर्णी यांनी हे रूपान्तर स्वतःच्या देहावर घडवले. शब्दांना जे सुचवून थांबावे लागते ते येथे पडद्याने अंगावर आणले. तेव्हा दृश्यता ही वाङ्मयाची वैरीण आहे असे सरसकट विधान करता येत नाही. कादंबरीने रिकामी ठेवलेली जागा कोणती आणि भरलेली कोणती, हे ओळखण्यात माध्यमांतराची खरी कसोटी आहे.

४

पडद्यावरील चेहऱ्याविषयी आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. तो कधीच कोरा नसतो. कादंबरीतील पात्र पहिल्या पानावर जन्मते. नट मात्र आपल्या आधीच्या भूमिका चेहऱ्यावर घेऊन येतो. श्यामच्या आईची भूमिका करण्यापूर्वी वनमाला सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये (१९४१) रुखसाना होत्या. ‘बनगरवाडी’तील कारभारी साकारणाऱ्या चंद्रकांत मांढरे यांनी भालजी पेंढारकरांच्या चित्रपटात शिवाजी महाराजांची भूमिका केलेली होती, पागोट्याखालच्या त्या वृद्ध चेहऱ्यात एका पिढीने पाहिलेला राजा अजून होता. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरून जब्बार पटेलांनी १९७९ साली ‘सिंहासन’ केला तेव्हा पत्रकार दिगू टिपणीस म्हणून निळू फुले समोर आले. प्रेक्षकांना ते ‘सामना’तले (१९७५) हिंदुराव धोंडे पाटील म्हणून ठाऊक होते. सत्तेचा माज ज्या डोळ्यांत पाहिला होता त्याच डोळ्यांत सत्तेकडे हताशपणे पाहणारा साक्षीदार दिसू लागला. कादंबरीत नसलेला हा अर्थ चित्रपटाला नटाच्या पूर्वेतिहासाने मिळवून दिला. एका अर्थी नटाचा चेहरा हीही एक संहिताच असते. दिग्दर्शक दोन संहिता एकमेकींवर ठेवतो आणि कधी कधी त्यांतून तिसरी निर्माण होते.

संस्कृत नाट्यविचारात शंकुकाने या अनुभवाचे केलेले विश्लेषण आजही उपयोगी पडते. नटाला पाहताना प्रेक्षकाला ‘हा राम’ अशी जी प्रतीती होते ती यथार्थ ज्ञान नव्हे, मिथ्या ज्ञान नव्हे, संशय नव्हे आणि सादृश्यज्ञानही नव्हे. चित्रातल्या घोड्याला आपण घोडा म्हणतो, तशी ती या चारही प्रकारांहून निराळी आहे. हाच चित्रतुरगन्याय. अभिनवगुप्ताने या मताचे खंडन केले हे खरे. पण त्यातला सादृश्याचा निषेध आपल्या प्रश्नावर नेमका प्रकाश टाकतो. ‘ती तशी दिसत नाही’ ही तक्रार सादृश्याची मागणी करते. आणि सादृश्यासाठी दोन वस्तू लागतात. वाचकापाशी तर दुसरी वस्तू, म्हणजे मूळ चेहरा, नाहीच.

प्रेक्षकही ही गोष्ट मनोमन जाणून असतात. दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये (१९१७) अण्णा साळुंके या एकाच पुरुषाने राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या होत्या. सादृश्य हीच अट असती, तर तो चित्रपट कोणाला पाहवला नसता.

यावर एक आक्षेप संभवतो. चित्रातला घोडा रेषांचा असतो, नाटकातला राम दुरून दिसतो. चित्रपटात मात्र कॅमेरा खऱ्या माणसाची खरी कातडी टिपतो, जवळून टिपतो आणि ती प्रतिमा कायमची गोठवतो. नाटकात उद्या दुसरा नट येऊ शकतो. चित्रपटातली वनमाला सत्तर वर्षांनंतरही तीच असते. हा आक्षेप वजनदार आहे. चित्रपटाचा चेहरा इतका चिकट का असतो, याचे उत्तर त्यात आहे. सुजय डहाके यांनी २०२३ साली ‘श्यामची आई’ पुन्हा पडद्यावर आणली तेव्हा ती कृष्णधवल ठेवली, हे या दृष्टीने सूचक आहे. पालगड, दापोली, तेथला समुद्र आणि झाडी कृष्णधवल नव्हती. पण त्या काळाची आपली आठवण कृष्णधवल आहे, आणि ती तशी असण्यात जुन्या छायाचित्रांचा व चित्रपटांचा वाटा मोठा आहे. नवा चित्रपट मूळ पुस्तकाबरोबरच आपल्या दृश्यस्मृतीशीही संवाद करतो.

५

येथवरच्या विवेचनातून वाचकाची मनःप्रतिमा शुद्ध आणि पडद्याची प्रतिमा बाटलेली, असा निष्कर्ष कोणी काढील. तो टाळला पाहिजे. वाचक रिकामी जागा भरतो हे खरे, पण ती कशाने भरतो?

आपल्या मनातल्या सीता, शकुंतला, दमयंती बऱ्याच अंशी राजा रविवर्म्याच्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत निघालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या त्याच्या छापखान्याने ती रूपे घराघरांच्या भिंतींवर नेली. पुढे मासिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या चित्रकारांनी, विशेषतः दीनानाथ दलालांनी, मराठी नायिकेला तिचा बांधा आणि डोळे दिले. कादंबरी वाचताना ‘माझ्या मनात आली’ असे आपण जिला म्हणतो ती नायिका पुष्कळदा मुखपृष्ठावरून आलेली असते. आणि जिथे चित्र नसते तिथे आपली जात, आपला वर्ग, आपले शेजारपाजार चित्र पुरवतात. सुशिक्षित पांढरपेशा वाचकाने कल्पिलेली कादंबरीची नायिका गोरी, नीटस आणि आपल्या नात्यात शोभेलशी असते, हे त्याच्या ध्यानीही येत नाही. अनिश्चिततेचे स्थान वाचकाला स्वातंत्र्य देते. पण त्या स्वातंत्र्यात त्याचे पूर्वग्रह बिनबोभाट येऊन बसतात.

नवी मुंबईसारख्या शहरात ही गोष्ट विशेष जाणवते. सिडकोने १९७० नंतर खाडीच्या काठावर वसवलेल्या या वसाहतींत सारा महाराष्ट्र एकवटला आहे. वाशी-तुर्भ्याच्या बाजारपेठेत ओझी वाहणारे अनेक माथाडी सातारा-सांगलीकडून आले. त्यांची मुले कोपरखैरणे-घणसोलीच्या घरांत मोठी झाली. माणदेशातल्या वाडीतून आलेल्या घरातला तरुण जेव्हा ‘बनगरवाडी’ वाचतो, तेव्हा कारभाऱ्याचा चेहरा त्याला शोधावा लागत नाही. तो त्याच्या आजोबांचा असतो. शेजारच्या इमारतीत गिरगाव-दादर सोडून आलेल्या कुटुंबातली मुलगी तेच पुस्तक वाचते तेव्हा तिच्या मनात बहुधा पागोटे असते, काठी असते, घोंगडी असते, चेहरा नसतो. एकाला चित्रपटातले कारभारी ‘आपल्यातले नव्हेत’ असे वाटेल, दुसरीला ते ‘अगदी खरे’ वाटतील. दोघांचेही म्हणणे प्रामाणिक आहे. पण पहिल्याची तक्रार आणि दुसरीचे समाधान यांना समीक्षेच्या तराजूत एकच वजन देता येणार नाही. पहिल्यापाशी माणूस होता. दुसरीपाशी वेषभूषा होती.

म्हणून ‘ती अशी नव्हती’ या वाक्यानंतर समीक्षेने विचारायला हवा तो प्रश्न ‘मग कशी होती?’ एवढाच नाही. ‘तुला ती कोणासारखी हवी होती?’ हाही प्रश्न विचारला पाहिजे.

६

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात कर्नाळ्याचा सुळका दिसतो. गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’चा हा परिसर आणि या डोंगरांतले ठाकर हे तिचे लोक. नाग्याला पुण्यवंत व्हायचे आहे. राणी माशीच्या डंखाने त्याचा डोळा जातो आणि तिच्याशी त्याचे वैर सुरू होते. चिंधी आपल्या मनाने त्याच्याकडे येते आणि त्या वैरात प्राण देते. जब्बार पटेलांनी १९७७ साली त्यावर चित्रपट केला. नाग्या झाले मोहन आगाशे, ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना फडणवीस, चिंधी झाली स्मिता पाटील, जिला मुंबई दूरदर्शनवर बातम्या देताना लोकांनी पाहिले होते. दोघेही शहरी, दोघेही ठाकरवाडीला परके. सादृश्याच्या कसोटीवर ही निवड दोषार्हच ठरली असती.

तरीही स्मिता पाटीलची चिंधी टिकली. तिने ठाकरणीचा चेहरा आणला म्हणून ती टिकली, असे मला वाटत नाही. तो तिच्यापाशी नव्हताच. तिच्या चेहऱ्याचा एक विशेष असा की तो पाहणाऱ्याला पुरता हाती लागत नाही. तोच चेहरा पुढे ‘चक्र’मध्ये (१९८१) झोपडपट्टीतली अम्मा झाला, आणि शांता निसळ यांच्या ‘बेघर’वर आधारलेल्या ‘उंबरठा’मध्ये (१९८२) घर सोडून निघणारी सुलभा झाला. तिन्ही स्त्रिया कादंबऱ्यांतून आल्या. तिन्हींना एकच नाक-डोळे मिळाले आणि तरीही त्या एकमेकींत मिसळल्या नाहीत. गोरेपणाच्या रूढ अपेक्षेत न बसणारा तिचा सावळा वर्ण रविवर्म्याने आणि दिवाळी अंकांनी घडवलेल्या नायिकेला नकार देत होता. वाचकाच्या मनातले तयार चित्र तिने मोडले आणि त्याच्या जागी दुसरे तयार चित्र बसवले नाही. कादंबरीने ठेवलेली रिकामी जागा तिने चेहऱ्याच्या आत राखली. चांगल्या माध्यमांतराला एवढेच शक्य असते, आणि ते पुष्कळ असते. दिसूनही न संपणारा चेहरा शब्दाशी जितका प्रामाणिक राहतो, तितके वर्णनाबरहुकूम शोधून काढलेले नाक राहत नाही.

परंतु येथेच विचार थांबवता येत नाही. पावसाळ्यात पनवेलच्या बाजारात आणि नवी मुंबईच्या रस्त्यांच्या कडेला ठाकर आणि कातकरी बाया रानभाज्या घेऊन बसतात. शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी यांचे वाटे त्यांच्यापुढे मांडलेले असतात. त्यांच्याशी आपण घासाघीस करतो ते ‘जैत रे जैत’ वाचलेले, पाहिलेले, त्यातली गाणी गुणगुणणारे लोक आहोत. त्या बायांपैकी कोणाच्या चेहऱ्यात आपल्याला चिंधी दिसत नाही. चिंधी म्हटले की स्मिता पाटील आठवते. ठाकर बाई म्हटली की भाजीचा भाव आठवतो. कादंबरीने आणि चित्रपटाने ज्यांच्याकडे पाहायला शिकवावे अशी अपेक्षा होती, त्यांच्यापर्यंत आपली नजर पोचलीच नाही. ती प्रतिमेवर अडली. या अपयशाचा दोष नटीवर नाही आणि दिग्दर्शकावरही नाही. पडद्यावर चेहरा मिळाला म्हणून आपण शोध थांबवला, हा दोष आपला, वाचक-प्रेक्षकांचा आहे.

वाचकाच्या त्या जुन्या तक्रारीकडे आता पुन्हा पाहता येईल. ‘ती अशी नव्हती’ हे म्हणणे पडद्याविरुद्धचा निकाल म्हणून फारसे टिकत नाही, कारण वादीपाशी पुरावाच नाही. पण आपले वाचन अजून पुरे झालेले नाही, मनातली जागा अजून भरून बुजलेली नाही, याची कबुली म्हणून ते मोलाचे आहे. ज्या दिवशी चित्रपट पाहून आलेला वाचक म्हणेल की ती अगदी अशीच होती, त्या दिवशी त्याच्यापुरती कादंबरी मिटलेली असेल. तोवर त्याने तक्रार करत राहावे. फक्त तिच्याबरोबर पुस्तक पुन्हा उघडावे, आणि बाजारातून परतताना समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहावे.